हनुवटीवरचं गोंदण

"हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?" आईच्या फोटोला हार घालता घालता मावशी थांबली.

मीच पुसलं होतं. आई आठ वर्षं माझी मॉडेल होती. वेबसाइटवर विकायच्या फोटोंत ती कधी पेशंट व्हायची, कधी पेन्शनर, कधी दुसऱ्याच कुणाची तरी आजी. ओळखीची खूण असलेला चेहरा खपत नाही, म्हणून प्रत्येक फोटोतलं गोंदण पुसायचो आणि जागा अडते म्हणून मूळ फोटो उडवून टाकायचो.

मी लॅपटॉप उघडून आईची हनुवटी मोठी करून पाहिली. गुळगुळीत होती. ठिपके तीन होते की पाच, काही केल्या आठवेना.

"आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घेतलं होतं," असं म्हणत मावशी खिडकीपाशी उजेडात बसली आणि तिनं हनुवटी वर केली. "माझं काढ आणि तिला लाव."

मी कॅमेरा रोखला. तीनदा क्लिक केलं. तिन्ही फोटो हलले होते.

"मावशी," मी म्हणालो, "रडायचं ते नंतर रड. आधी हनुवटी स्थिर धर."