टेपची वायर

"त्या वायरले हात लावू नको," नाना चौथ्यांदा म्हणाले, आणि ललितचं डोकं कपाटाच्या फळीवर आपटलं.

तो दुपारपासून कपाटामागे गुडघ्यांवर होता. तोंडात टॉर्च, नाकात धूळ. जळगावहून धुळ्याला रविवारचा आला होता तो एकाच कामासाठी. नव्या टीव्हीचा आवाज वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, जुन्या अँप्लिफायरला जोडायचा. टीव्ही भिंतभर, आवाज मात्र डासाएवढा. आईला मालिकेतलं एक वाक्य धड ऐकू येत नव्हतं, आणि टीव्ही ललितने घेऊन दिलेला असल्यामुळे रोज फोनवर बोलणीही त्यालाच खावी लागत होती. सातची बस गाठायच्या आत हे उरकायचं होतं.

अँप्लिफायरच्या पाठीला चार जागा. एकीत रेडिओ, तो काढला तर नानांना सकाळचा चहा गोड लागणार नाही. दुसरीत ब्लूटूथची डबी. आईची कानबाई देवीची गाणी मोबाइलवरून त्यात यायची. तिसरी जागा तबकडीच्या प्लेअरची. तिथे टीव्ही लावून पाहिला, तर बातम्या देणारी बाई फाटक्या आवाजात गुरगुरायला लागली. मग त्याने रेडिओ आणि टीव्हीच्या वायरी एकत्र पिळून एकाच जागेत कोंबल्या, तेव्हा दोघांचाही आवाज बसला. राहिली चौथी जागा, टेपची. तिच्यात एक जुनाट राखाडी वायर घुसलेली होती आणि ती भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

पलीकडे म्हणजे वनाआबांकडे, नानांच्या थोरल्या भावाकडे. अकरा वर्षांपूर्वी गच्चीच्या जिन्यावरून दोघांचं फाटलं आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. पंचांनी वाटणी इतकी चोख केली, की अँप्लिफायर आणि स्पीकर नानांना आले, कॅसेटचा टेप वनाआबांना गेला. एकाकडे गाणं, दुसऱ्याकडे आवाज! काय म्हणावं अशा पंचांना? मधल्या वायरीचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही, म्हणून गवंडी तिच्याभोवती विटा लावून मोकळा झाला. तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता. ललितच्या लग्नाची पत्रिकासुद्धा भिंतीपलीकडे टपालाने गेली होती.

"नाना, अकरा वर्षं झाली. काय येतं त्या वायरीतून? मुंग्या?"

"राहू दे."

"मग टीव्ही कुठे जोडू? माझ्या डोक्याला?"

ललितला या अडेलपणाची अगदी शिसारी आली. भाऊ नको, भावाचं तोंड नको, पण वाटणीत राहिलेली मेलेली वायर मात्र हवी!

साडेपाचला नाना दूध आणायला बाहेर पडले. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेल्याबरोबर ललितने राखाडी वायर उपसून काढली आणि टीव्हीची तिथे खुपसली. समोरचं बटण त्याने टेपवर फिरवलं. बटणाभोवतीची बाकी सगळी अक्षरं ठसठशीत होती, 'टेप' तेवढं पुसून गेलं होतं. ललितचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण खोलीभर आवाज घुमला होता.

"आते कसं बठ्ठं ऐकू येस!" आई खूश झाली.

नाना परत आले आणि दारातच थांबले. फरशीवर पडलेली वायर त्यांनी पाहिली.

"परत लाव."

"का? कारण सांगा, लावतो."

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होते.

"लाव ना रे," ते हळूच म्हणाले.

नानांनी कधी कुणाची विनवणी केली नव्हती. ललितला क्षणभर चमकल्यासारखं झालं, पण दिवसभराचा वैताग काही त्याला वाकू देईना. "आईला मालिका बघू द्या," तो म्हणाला आणि पिशवी भरायला लागला. नाना भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. दुधाची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी दारावर थापा पडल्या. ललितने दार उघडलं. बाहेर वनाआबा उभे होते. अंगात नुसतं बनियन, पायात दोन वेगवेगळ्या चपला, धाप लागलेली. ललितला बाजूला सारून ते तडक आत आले.

"चुडामण, सहाले टेप लायेल शे मी. तुनाकडथून टेपना आवाज उना नही, नुसता टीव्ही." त्यांनी नानांना खालीवर न्याहाळलं. "तू बरा शे ना?"

नाना उठून उभे राहिले. आईने टीव्हीचा आवाज बंद केला.

"बरा शे, भाऊ," नाना म्हणाले. "आठे बस."

ललितने बटणाजवळच्या त्या पुसलेल्या अक्षरांकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं रोज सहाला पलीकडे टेप लागत होता आणि अलीकडे नाना बटण फिरवत होते. आई त्याला रेडिओच समजायची, आणि ललित त्या वेळी कधी घरात नसायचा. भिंतीतून आवाज आला, की भाऊ धड आहे एवढं वनाआबांना कळत होतं. आणि टेप वाजला, की तेवढंच नानांना.

"थांबा नाना, लगेच जोडतो." तो घाईघाईने कपाटामागे वाकला आणि राखाडी वायर हातात घेतली.

नानांनी दुधाची पिशवी आईकडे दिली, चहाची खूण केली आणि भावासाठी खुर्ची पुढे ओढली. मग मागे वळून न पाहताच ते ललितला म्हणाले,

"त्या वायरले हात लावू नको."