तळ्यावरचा रविवार

मुलगी जाऊन तीन वर्षं झाली, तरी सासरे आणि जावई दर रविवारी एकाच कयाकमधून मासे धरायला जात. गळ टाकून तासन्तास बसत. तिचा विषय कोणीच काढत नसे. आज तळ्याच्या मधोमध जावयाने वल्हं आडवं ठेवलं.

"बाबा, मी पुन्हा लग्न करतोय."

सासऱ्यांनी गळाला लागलेला मासा सोडवून पाण्यात सोडला. आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्यांनी स्वतःशीच चाचपून पाहिलं. काहीच हाती लागलं नाही.

"तुला आईवडील नाहीत. तुझ्याकडून कोण उभं राहणार?"

"कोणीच नाही."

"मागच्या वेळी मी मुलीकडचा होतो," सासरे म्हणाले. "या वेळी मुलाकडून येतो."