सहाची हाक

दादा जाऊन दोन वर्षं झाली, तरी आई त्याचा कॉम्प्युटर बंद करू देत नव्हती. "रोज संध्याकाळी सहाला तो मला गोळीची आठवण करतो. माझं काही अडत नाही," असं म्हणायची. जाण्याच्या आठवडाभर आधी दादाने स्वतःचा आवाज भरून तसा प्रोग्रॅम लिहिला होता खरा. त्याचा तो आवाज फोनवर उतरवून घ्यावा, म्हणून मी रविवारी माहेरी गेले.

प्रोग्रॅम उघडला आणि चूक लगेच दिसली. आवाजाच्या फाइलच्या पत्त्यात दादाने एकच बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरपी रेघ, दिला होता. त्याच्यापुढे 'एन' अक्षर आलं की कॉम्प्युटर ते फाइलचं नाव धरत नाही, नवी ओळ समजतो. म्हणून तिथे दोन द्यावे लागतात. ऑफिसात मी हीच चूक दुसऱ्यांच्या नजरेस आणून देत असते. मग मी प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदी पाहिल्या. पहिल्या दिवसापासून कालपर्यंत, रोज सहा वाजता एकच ओळ होती: फाइल सापडली नाही. म्हणजे तो आवाज आजवर एकदाही वाजला नव्हता.

आईला हे सांगायचा मला धीर झाला नाही. गुपचूप दुसरा बॅकस्लॅश टाकला आणि वाट बघत बसले. बरोबर सहाला स्पीकरमधून दादा बोलला, "आई, गोळी घे गं." माझ्या डोळ्यांना धार लागली.

पाण्याचा पेला घेऊन आई स्वयंपाकघरातून दारात आली.


"काय गं, आज दोनदा कसा म्हणाला?"