येताना वारा तोंडावर

"अजून तीन तास," फोनवरच्या नकाशात डोकं खुपसून म्हातारबा ग्वान म्हणाले. चिमुकलं विमान सैबेरियावर सरकत होतं.

शेजारच्या फान काकू पीठ मळू लागायला आल्या होत्या. "ग्वानभाऊ, टक लावून बसलात म्हणून का विमान धावणार आहे? टोरांटोहून बीजिंग म्हणजे तेरा तास लागायचेच."

"साडेदहा हजार किलोमीटर, गंमत आहे का? त्यातून येताना वारा तोंडावर. जाताना तो पाठीवर असतो, पोर लवकर पोचते."

"मेल्या वाऱ्यालासुद्धा तिच्या जाण्याचीच घाई!" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

म्हातारबा हसले. आज त्यांना कशाचंच वाईट वाटत नव्हतं. बायको गेल्यापासून युशिन वर्षातून एकदा यायची. आल्या दिवशी लांबलचक नूडल्स, लेकीचा पाय घरात गुंतावा म्हणून. निघायच्या दिवशी पाण्यात उकडलेल्या करंज्या, आत लसणीची पात. 'कधी जाणार?' असं काही त्यांना विचारवत नसे. "पात कधी आणू?" एवढंच विचारायचे. मग ती दिवस सांगायची.

यंदा मात्र 'राहा ना गं' म्हणायचंच, असं त्यांनी आठवडाभर घोकलं होतं.

संध्याकाळी युशिन दारात उभी राहिली. पाठीला एक लहानशी पिशवी.

"एवढंच सामान?"

"एवढंच. भूक लागलीय, बाबा!"

म्हातारबांनी तिच्यामागे दाराबाहेर डोकावून पाहिलं. गेल्या खेपेला दोन भल्यामोठ्या बॅगा होत्या, तेव्हा कुठे दहा दिवस राहिली होती.

पोरीनं वाडगं तोंडाला लावलं, भुरके मारले, वर आणखी मागून घेतलं. तिला खाताना बघून म्हातारबांचं मन भरून आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पात कधी आणू?"

"पात नको आणू, बाबा."

"अगं बाई!" फान काकूंना राहवेना. "तेरा तास उडून यायचं आणि करंज्या खाण्याइतकीही सवड नाही? बापाचा जीव आहे तो!"

"काकू, तुमच्या नूडल्स गार होतायत," युशिन म्हणाली.

म्हातारबांनी काड्या खाली ठेवल्या. नोकरी आहे पोरीला, समजून घ्यायला हवं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"राहा ना गं. दोन दिवस तरी."

युशिननं त्यांच्या वाडग्यात गरम रस्सा ओतला.

"विमानाला तेरा तास लागतात, बाबा. माझ्या सामानाला चाळीस दिवस लागतील. जहाजानं येतंय."