किती जवळ आला

"गोळी कुणीही झाडतो रे यतीन," उल्हासकाका सांगायचे. "कायोटी किती जवळ येतो, त्यावर शिकारी ठरतो."

कायोटी म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ. दोन हिवाळे माझ्याकडे एकही फिरकला नव्हता. शिकागोजवळच्या शॉमबर्गचे निवृत्त डॉक्टर असलेले काका त्याचा दोष माझ्या बायकोच्या फोडणीला देत. "जॅकेटला हिंगाचा वास येतो तुझ्या. अख्ख्या इलिनॉयला कळतं, यतीन आलाय."

आज सकाळी मात्र आला!

मका कापलेल्या शेतात, समोर दूरवर ठेवलेला आमचा स्पीकर जखमी सशासारखा किंचाळत होता. आम्ही कडेच्या गवतात पालथे पडलो होतो. कायोटी धावत स्पीकरपाशी आला आणि त्याच्याकडे न बघताच पुढे निघाला. सरळ आमच्याकडे.

"हलू नकोस," काका कुजबुजले. "येतोय! अजून येतोय!" सत्तरीचा माणूस आनंदानं थरथरत होता. मीही.

बंदुकीच्या नळीशी पोचूनही तो थांबला नाही. वळसा घालून आमच्या दोघांच्या मधे आला.

"जिंकलास लेका! माझ्याकडेसुद्धा कधी इतक्या..."

कायोटी वळला. आमच्यासारखाच पालथा पडला, हनुवटी मातीला टेकवली आणि आम्ही ज्या दिशेला तोंड करून होतो, तिकडेच बघू लागला.

काकांनीही तिकडे बघितलं. स्पीकरच्या पलीकडून, सशाच्या आवाजाच्या रोखानं, कायोटीहून कितीतरी मोठं काहीतरी येत होतं. माझ्या हातातला रिमोट काढून घेत त्यांनी सशाचा आवाज बंद केला.

शेत शांत झालं. कायोटीनं हळूच आपलं अंग माझ्या अंगाला चिकटवलं.