समोरचं ताट

परीक्षेच्या धसक्याने शॅरलचं खाणं सुटलं होतं. तिची आई ॲग्नेस शेजारी उभी राहून वाढायची, एकेका घासासाठी विनवायची. ताट तसंच परत यायचं. पण मोबाइलवर, व्हिडिओ कॉलला, परीक्षेच्या ताणासाठी लावलेली काउन्सेलर बाई दिसली, की पोरगी खोलीचं दार लोटून ताटातलं सगळं संपवायची.

"कालवण माझ्या हातचं, केळी आपल्या नंदाखाल गावच्या वाडीतली, आणि गुण त्या बाईचा," ॲग्नेस नवऱ्यापाशी धुमसली. एवढी काय जादू करते ते बघू, म्हणून आज तिने दाराच्या फटीतून डोकावलं. बाई चकार शब्द बोलत नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर तीही आपलं ताट घेऊन शॅरलसमोर सावकाश जेवत होती.



ॲग्नेस स्वयंपाकघरात परतली. सगळ्यांचं उरकल्यावर वाढून घ्यायचं तिचं ताट, रोजच्यासारखं, ओट्यावर पालथंच होतं.