खुर्चीवरचा स्वेटर

“अधीक्षकपद गायधनींनाच द्या, मॅडम,” पाथरे ठासून म्हणाले. “कधीही बघा, माणूस जागेवर! आधीचे साहेब केबिनच्या काचेतून बघायचे आणि खूश व्हायचे. त्या कोलतेबाईंची खुर्ची मात्र सदा रिकामी.”

नव्या मॅडमना जन्मापासून दिसत नव्हतं. त्यांनी पांढरी काठी उचलली. “चला, दोघांना भेटूनच ठरवू.”

गायधनींच्या टेबलावर फाइल उघडी होती, पंखा फिरत होता आणि भर उन्हाळ्यात खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता. “गायधनी?” मॅडमनी दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. “महिनाभर येता-जाता मी इथे नमस्कार म्हणतेय. एकदाही उत्तर आलं नाही.” शेजारचे कारकून आपापल्या टेबलाकडे बघत राहिले.

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीपाशी कोलतेबाईंचा आवाज आला, “आजोबा, झालं तुमचं काम. आता पुन्हा खेप नको.”

मॅडम आवाजाच्या दिशेने वळल्या. “अधीक्षक ठरल्या.”

“पण मॅडम, गायधनी इथेच आहेत!” पाथरे कळवळले. “हा काय त्यांचा स्वेटर!”

“मला स्वेटर दिसत नाही, पाथरे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून मला माणूस शोधावा लागतो.”